बाबांच्या बोटांतली अक्षरं

काल खामगावच्या स्टँडवर चिखलीची गाडी लागायची होती. फलाटाच्या कडेला एक बाई टोपलं घेऊन बसलेली, वर ओलं फडकं आणि फडक्याखालून वाफ. उकडलेल्या तुरीच्या शेंगा. मी पुडा घेतला, गाडीत खिडकीशी बसले आणि एक शेंग दातांत धरून ओढली. मिठाचं कोमट पाणी जिभेवर आलं, मागोमाग ते गुळगुळीत दाणे. तुरीचा हंगाम पुन्हा आला तर. बाहेर कापूस वेचणीचे दिवस. भरलेल्या गाड्या पुढून डुलत जात होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकून राहिले होते. ऊन कोवळं, गाडीचा एकसुरी आवाज, डोळे अर्धे मिटलेले. अशा वेळी मी कुठेही निघाले असले तरी एकाच हिवाळ्यात जाऊन उतरते.

तो हिवाळा तीन वर्षांपूर्वीचा. त्यात काय घडलं असं कुणी विचारलं, तर सांगायला एकच वाक्य आहे : मी बाबांचा संगणक बदलला. म्हणजे डबा तोच, आतली प्रणाली बदलली. विंडोज काढलं, लिनक्स घातलं. एवढ्याशा गोष्टीवर लिहायला बसलेली बाई रिकामटेकडीच म्हणायची. पण उकडलेल्या शेंगांचा वास आला की मला तो कळफलक आठवतो, त्यावर मी चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्या आठवतात, आणि माझं तेव्हाचं शहाणपण आठवून कानशिलं अजून गरम होतात.

बाबा चिखलीला एकटे राहतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी वडनेर भोलजीला, शाळेत शिक्षिका, घरसंसार तिकडेच. शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघायचं, नांदुरा, खामगाव करत गाड्या बदलायच्या, रविवार बाबांजवळ काढायचा आणि परत. शेजारच्या कमलकाकू बाबांच्या पोळ्या करून देतात आणि पोळ्यांसोबत गल्लीच्या बातम्याही.

बाबांनी नोकरीभर तहसील कचेरीत टंकलेखन केलं. लहानपणी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राही. शाई, रॉकेल आणि जुना कागद यांचा तिथे एक मिसळलेला वास असे. बाबा रॉकेलमध्ये ब्रश बुडवून अक्षरांचे खिळे घासत, ‘ठ’च्या पोटात साचलेली शाई टाचणीनं काढत. यंत्राचं पोट उघडंच असायचं. कळ दाबली की कुठला दांडा उठतो आणि कुठे जाऊन आपटतो, सगळं दिसायचं. मला वाटायचं, जगातली सगळी यंत्रं अशीच उघडी असतात.

पुढे कचेरीत संगणक आले आणि ती यंत्रं कोठीत गेली. बाबांनी संगणक घेतला, पण कळांच्या जागा बदलू दिल्या नाहीत. टंकलेखन यंत्रावर जे अक्षर ज्या बोटाखाली होतं, ते संगणकावरही त्याच बोटाखाली हवं. त्यासाठी त्यांच्या एका सहकाऱ्यानं कुठली तरी सीडी आणून बसवून दिली होती. निवृत्तीनंतर घरी आणलेल्या संगणकावरही तीच. ओळ संपली की मात्र त्यांचा डावा हात अजून उचलला जातो, यंत्राची गाडी ढकलायचा दांडा जिथे असायचा तिथे, हवेत. तिथे काही नसतं. हात थोडा सरकतो आणि मुकाट्यानं परत येतो.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा रोज एक पान टाइप करतात. त्याला डायरी म्हटलेलं त्यांना आवडत नाही, ‘रोजचं पान’ म्हणतात. भाजीत काय होतं, कोण भेटलं, कुणाच्या घरी पाळणा, कुणाच्या दारी मांडव. प्रत्येक पान ‘आज’ या शब्दानं सुरू होतं. पान छापायचं, डावीकडे दोन भोकं पाडायची आणि हिरव्या दोरीनं फाइलीत ओवून ठेवायचं. बोलताना अस्सल वऱ्हाडी बोलणारा हा माणूस टाइप करायला बसला की कचेरीच्या इस्त्रीच्या मराठीत लिहितो. ‘सबब’, ‘सदर’, ‘उपरोक्त’. कमलकाकूंच्या मांजरीलाही एका पानात ‘सदर मांजर’ म्हटलेलं मी वाचलं आहे.

त्या हिवाळ्यात संगणक अगदी थकला होता. सकाळी सुरू करायचा, चहा मांडायचा, चहा पिऊन व्हायचा तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं. वर रोज एक सूचना, की हा संगणक आता जुना झाला. मला ती सूचना वाचून उगाच राग यायचा. आमच्या शाळेतले खरात सर असल्या बाबतीत पुढे. त्यांनी मला एक पेनड्राइव्ह दिला आणि म्हणाले, “मॅडम, हे टाकून पाहा. जुन्या मशीनवर पळते. फुकट आहे अन उघडं आहे, आत काय लिह्यलं ते कोणालेही वाचता येते.”

“मग तुम्हाले परत कधी देऊ?”

“परत कायले? विरजण आहे हे. तुम्ही चमचाभर नेलं म्हणून आमचं दही काही कमी होत नाही.”

मला ते फार आवडलं. विरजण मागायला मी लहानपणी वाटी घेऊन किती घरी गेले असेन. त्याच तोऱ्यात मी दोन दिवस रजा टाकून चिखलीला आले. अंगणात ऊन होतं, कमलकाकूंनी शेतातून आलेल्या तुरीच्या शेंगांचा ढीग पोत्यावर ओतून ठेवला होता. संगणकाची तार मी ओसरीपर्यंत ओढली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती आणि मी दाराशी बसून शेंगा सोलत होते. फट्ट आवाज, हिरवे दाणे, अंगठ्याचं नख हळूहळू काळपट होत जाणं. बाबा खाटेवर पाठ उन्हाला देऊन बसले होते. त्या दुपारी मी किती सुखात होते हे मला आता कळतं.

सगळी जुनी पानं मी आधीच दुसरीकडे काढून ठेवली होती. नवी प्रणाली पाण्यासारखी सुरू झाली. मग मला हौस आली. संगणक सुरू केला की कोरं पान आपोआप उघडेल आणि एक कळ दाबली की ते छापून येईल अशी सोय केली. अक्षरं बोराएवढी मोठी केली. मराठीसाठी त्यात जो कळफलक आधीच होता, तोच ठेवला. हल्ली सगळीकडे हाच चालतो असं ऐकून होते. बाबांना तो नवा पडेल म्हणून कळांवर अक्षरांच्या पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. पडद्यावर करडईच्या फुललेल्या शेताचं चित्र लावलं, आणि त्यांना खुर्चीवर आणून बसवलं.

“कसं दिसते?”

“झकास,” बाबा म्हणाले. “हिरवंगार.”

करडई पिवळीजर्द होती. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. त्यांची बोटं कळांवरच्या पट्ट्यांच्या कडांवरून पुन्हा पुन्हा फिरत होती. मी म्हणाले, “आता अक्षरं नव्या जागी आहेत, या पट्ट्या पाहून टाइप करजा. आठ दिवसांत हात बसते.” ते म्हणाले, “हाव.”

पुढच्या शनिवारी शाळेत काम निघालं, जाता आलं नाही. फोनवर विचारलं, “बाबा, टायपिंग जमून राह्यलं ना?” “न जमाले काय झालं?” त्यांचा आवाज नेहमीचाच. मी खरात सरांना सांगितलं, आमचे बाबा या वयात नवा कळफलक शिकले. स्टाफरूममध्ये जो तो कौतुक करू लागला.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. फाइल टेबलावर होती. आपल्या विरजणाचं दही कसं लागलं ते पाहावं म्हणून मी ती उघडली.

नव्या प्रणालीवर छापलेली ती पानं होती. सगळी नीट, समासासह, दोन भोकं एका रेषेत. आणि त्यांतलं एक अक्षरही वाचण्यासारखं नव्हतं. रिकाम्या गोलांना लटकलेल्या मात्रा, कशाच्याही मागे लागलेला अनुस्वार, पाय मोडलेली अक्षरं. ‘र’ तेवढा मधूनच कुठेतरी शहाण्यासारखा उभा. एक पान, दुसरं, पाचवं, चौदावं. सगळी तशीच. फक्त प्रत्येक पानाचा पहिला शब्द एकच होता : ‘नकू’. मी कितीतरी वेळ त्या ‘नकू’कडे बघत राहिले. मग कळफलकावर बोट ठेवून एकेक कळ मोजली. बाबांचं प्रत्येक पान ‘आज’नं सुरू होतं, म्हणजे त्या तीन कळांवर टंकलेखन यंत्रात अ, काना आणि ज असणार.

बाबांची बोटं त्यांच्या जुन्या जागांवरच चालली होती. पट्ट्यांवर काय लिहिलंय ते त्यांनी पाहिलं नव्हतं. पडद्यावर बोराएवढ्या अक्षरांत काय उमटतंय तेही पाहिलं नव्हतं. छापलेला कागद हातात घेऊन त्याला भोकं पाडताना, दोरीत ओवताना, तेव्हाही नाही. इतक्या दिवसांत एकदाही.

ते आले तेव्हा मी फाइल हातात धरून उभीच होते.

“बाबा, ही पानं वाचली का तुम्ही?”

“कायले वाचाची? मीच लिह्यली ना.”

“बाबा.”

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. खाटेची कड चाचपली आणि बसले. ही चाचपण मी महिनोन्‌महिने पाहत होते, गुडघे दुखतात म्हणून असेल असं समजत होते. कपात चहा ओतताना ते बोट आतल्या कडेला लावतात, तेही पाहिलं होतं.

“मधलं गेलं वंदू,” ते म्हणाले. “कडंकडंचं दिसते. रस्ता दिसते, भिंत दिसते, म्हणून चालाले काही नाई वाटत. पण ज्याच्याकडे पाहाव ना, तेच पुसून जाते. तू दारात आली की मले चौकट दिसते, तुई पिशी दिसते, चपला दिसते. तू नाई दिसत.”

“मग सांगितलं काऊन नाई मले?”

“तू कम्प्युटर उचलून नेला असता. म्हणली असती, बाबा, डोळ्याले आराम द्या. देव्हाऱ्यासारखा झाकून ठेवला असता त्याले.” मग म्हणाले, “पेननं लिह्यता येत नाई, ओळीवर ओळ चढते. पेपर गेला, टीव्ही गेला. टायपिंगले पाहा लागत नाई. तेवढं एक राह्यलं होतं.”

आणि तेवढं एक मी, मोठ्या हौसेनं, अक्षरं मोठी करून काढून घेतलं होतं. मला रडू आलं. बाबांना ते ऐकू आलं असणार, कारण ते म्हणाले, “पानं बिघडली काय? किती?” मी म्हणाले, “सगळी.” अंगणात कमलकाकू सोललेले दाणे पाखडत होत्या, सुपाचा आवाज येत होता.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी नंतर नीट सांगितलं. डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजला आहे. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं जपता येईल. टाइप केल्यानं काही बिघडत नाही, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. बाबा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, “ऐकलं ना? डॉक्टरच म्हणाले.”

आता प्रश्न एवढाच होता, की बाबा पुन्हा लिहिणार कसे. जुनं विंडोज मी पुसून टाकलं होतं. ती सीडी देणारे सहकारी आता या जगात नव्हते, आणि सीडी कधीच सापडली नाही. नवा कळफलक शिका म्हणणं म्हणजे त्यांना नवीन बोटं लावून घ्या म्हणण्यासारखं होतं. मी खरात सरांना फोन केला. स्वर बहुधा भांडणाचाच होता. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, यात टाइपरायटरचाही कळफलक असंन. नसंन जुळत तर बदला. ती नुसती एक मजकुराची फाइल असते. कोणती कळ, कोणतं अक्षर, एवढंच लिह्यलेलं असते. उघडा अन लिहा. कोणाले विचारा लागत नाई.”

शोधल्यावर टंकलेखन यंत्राचा कळफलक खरंच मिळाला. कुण्या अनोळखी माणसानं कधीतरी बसून तो लिहिला होता. पण त्यातली बरीच अक्षरं बाबांच्या यंत्राशी जुळत नव्हती. मी ती फाइल उघडली. अगदी साधी, ओळीखाली ओळ. पोट उघडं असलेलं यंत्र मला कितीतरी वर्षांनी भेटत होतं.

त्या हंगामातले पुढचे दोन रविवार मला मधासारखे आठवतात. पिवळ्या पट्ट्या मी खरवडून काढल्या. बाबा कळफलकासमोर, मी शेजारी वही घेऊन. खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून सरकत सरकत बाबांच्या मनगटांवर यायचं. मी पहिला प्रश्न विचारला, “‘भ’ कुठे आहे?”

बाबा विचारात पडले.

“मले नाई माहीत,” ते म्हणाले, आणि त्यांनाच त्याचं आश्चर्य वाटलं. “खरंच नाई माहीत वंदू. चाळीस वर्षं दाबला.”

“आठवा.”

“असं नाई आठवत. शब्द दे.”

“भाकर.”

“कचेरीतला दे ना.”

“भोगवटादार.”

बोटं आपोआप चालली. मी झटकन पाहून वहीत लिहिलं. मग आम्हाला युक्ती सापडली. ‘ठ’साठी ठराव, ‘छ’साठी छाननी, ‘क्ष’साठी क्षेत्र, ‘ज्ञ’साठी प्रतिज्ञापत्र. मी शब्द टाकायचा आणि त्यांची बोटं तो उचलायची. तोंडाला जे सांगता येत नव्हतं ते हाताला पाठ होतं. मधेच ते अडले तर डोळे मिटून घेत. मिटल्यानं त्यांना काय फरक पडत होता कोण जाणे, पण मिटल्यावर बोट बरोबर जाई. कमलकाकू तुरीच्या सोल्यांची आमटी गंजात घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. “हे काय चालू राह्यलं? परीक्षा घेऊन राह्यली काय बापाची?” बाबा म्हणाले, “अन पास होऊन राह्यलो.”

दुसऱ्या रविवारी दुपारी कळफलक पुरा झाला. नव्या प्रणालीत, पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक आवाजही होता. मी तो सुरू केला. बाबांनी टाइप केलं, आणि यंत्रातला माणूस नाकातून, एकाच पट्टीत म्हणाला : “आज रविवार.”

बाबा दचकले. मग हसू लागले. “कोण्या गावचा बे हा?”

“मराठीच आहे बाबा.”

“असंन. पण सर्दी झाली त्याले.”

ते कितीदा तरी ‘आज रविवार’ टाइप करत राहिले आणि तो सर्दी झालेला माणूस बिचारा दर वेळी वाचत राहिला.

हे आठवता आठवता काल गाडी चिखलीत शिरली तेव्हा डोळ्यांतल्या पाण्यानं मला पुढचं स्टँड दिसतच नव्हतं. बाबांचे डोळे आता कडेकडेनंही मंद झालेत. पान मात्र चुकलेलं नाही. मधे बीबी गावचे एक निवृत्त टंकलेखक, बाबांबरोबर कचेरीत होते ते, भेटायला आले आणि जाताना तो कळफलक पेनड्राइव्हमध्ये घेऊन गेले. त्यांचं दृष्टीचं काही दुखणं नाही, नुसती बोटांची सवय. बाबांनी त्या दिवशीच्या पानात ‘सदर गृहस्थ विरजण घेऊन गेले’ असं लिहिलं. मला ती नोंद वाचून फार बरं वाटलं.

पण त्या हिवाळ्याचं एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही. ती बिघडलेली पानं मी वडनेरला घेऊन आले होते. बाबा म्हणाले होते, “फेकून दे.” मी फेकली नाहीत. कुठल्या कळेवर बाबांचं कुठलं अक्षर, ते सगळं आता माझ्या वहीत होतं. म्हणजे पानांवरच्या प्रत्येक खुळ्या अक्षरामागची कळ ओळखायची आणि त्या कळेवरचं बाबांचं अक्षर लिहायचं. संगणकाकडून झटक्यात झालं असतं. मला ते झटक्यात नको होतं. मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात ऊन खात बसायचं आणि पेन्सिलीनं एकेक अक्षर उलगडायचं. समोर मैदानात पोरांचा कल्ला, पलीकडे तुरीचं पिवळं-हिरवं शेत, आणि माझ्या पेन्सिलीखालून बाबा हळूहळू बाहेर येत होते.

‘आज थंडी जास्त.’ ‘आज पालकाची भाजी, मीठ कमी.’ ‘आज वंदनाने संगणकात सुधारणा केली. तिचा उत्साह पाहून समाधान वाटले.’ त्यातल्या ‘पाहून’वर मी बराच वेळ थांबले. मग एक मंगळवारचं पान आलं. ते आख्खं उलगडायला मला तीन सुट्ट्या लागल्या. कचेरीत बाबा दाखल्यांचे अर्ज टाइप करत, त्यांत ‘ओळखीची खूण’ असा एक रकाना असे. माणूस कसा ओळखावा ते तिथे दोन ओळींत लिहायचं. हे पान त्याच रकान्याच्या भाषेत होतं, फक्त दोन ओळींऐवजी पानभर.

‘आज मंगळवार. माझी मुलगी वंदना हिचा चेहरा मला यापुढे दिसणार नाही असे वाटते. स्मरणात आहे तोवर नोंद करून ठेवीत आहे. चेहरा उभट. रंग गव्हाळ. कपाळ रुंद, तिच्या आईप्रमाणे. नाक माझ्याप्रमाणे, त्यास इलाज नाही. उजव्या भुवईत जुन्या जखमेचा व्रण, सायकलवरून पडली तेव्हाचा, टाके तीन. हसताना डावा गाल आधी हलतो. बोलण्यापूर्वी ओठ मिटून घेते. केस काळेभोर, भांग मधोमध. रागावल्यास चेहऱ्यात फरक पडत नाही, पिशवी मात्र जोरात ठेवते. उपरोक्त वर्णन माझ्या माहितीप्रमाणे खरे व बरोबर आहे.’

घंटा झाली, पोरं वर्गात गेली, खरात सर दोनदा हाक मारून गेले. मी व्हरांड्यातच होते.

शनिवारी ते पान मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं. मान खाली घालून कळफलकावरची नसलेली धूळ पुसत राहिले. शेवटी म्हणाले, “काही राह्यलं काय त्यात? राह्यलं असंन तर सांग. टाकून देतो.”

‘काहीच राहिलं नाही’ असं मी म्हणू शकत होते. त्यांच्याजवळ माझा एक चेहरा होता, काळ्याभोर केसांचा, आणि तो आता कधीही म्हातारा होणार नव्हता. तो तसाच राहू द्यावा असं मनात आलं, अगदी तीव्रतेनं आलं. पण इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडले होते, की मला का नाही सांगितलं.

“एक दुरुस्ती आहे बाबा,” मी म्हणाले. “केस काळे नाहीत.”

“म्हंजे?”

“पांढरे होऊन राह्यले. कानाजवळ तर सगळेच. पाचेक वर्षं झाली. मी रंगवते.”

“मी पाह्यले तवा?”

“रंगवलेलेच होते.”

त्यांचा हात पुढे आला. माझा कान सापडेपर्यंत थोडा चाचपडला, मग कानाजवळची एक बट चिमटीत धरून त्यांनी ती कागदाची जाडी पाहावी तशी चोळून पाहिली. “हाताले नाई कळत,” ते म्हणाले. हात तसाच काही वेळ माझ्या गालाजवळ राहिला. मग ते कळफलकाकडे वळले आणि न थांबता टाइप करू लागले. त्यांचं टाइप करून झालं, तसा तो सर्दी झालेला आवाज वाचायला लागला.

“दुरुस्ती. केस कानाजवळ पांढरे. सदर बाब मुलीने वडिलांपासून लपवून ठेवली होती. अशीच एक बाब वडिलांनीही मुलीपासून लपवून ठेवली होती. आज रोजी उभय पक्ष समोरासमोर हजर.”

“बरोबर आहे?” बाबांनी विचारलं.

“हाव,” मी म्हणाले.